दोन वर्षं ड्रॉप्स घालतेय, डोळे कोरडे ते कोरडेच. हे आता कायमचंच का?

अर्धा_कप_चहा:

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचून जाते पण आज लिहायलाच बसले कारण डोक्याला ताप झालाय. वय ३९, राहायला डोंबिवली, ऑफिस बीकेसीला, दिवसभर एक्सेल. दोन वर्षांपूर्वी डोळे चुरचुरायला लागले, आधी वाटलं ट्रेनमधली धूळ असेल, मग वाटलं नंबर वाढला असेल, नंबर तोच निघाला. सकाळी उठलं की पापणी आतून बुबुळाला चिकटल्यासारखी वाटते, डोळा उघडायच्या आधी बोटाने हळूच सोडवावी लागते, आणि संध्याकाळी सहानंतर कोणीतरी चिमूटभर वाळू टाकल्यासारखं खुपत राहतं.

तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले कॉम्प्युटर कमी करा (पगार कोण देणार?) आणि ड्रॉप्स दिले. दुसऱ्यांनी ड्रॉप्सची कंपनी बदलली, बस. तिसऱ्या मॅडमनी मात्र विचारलं की तोंड कोरडं पडतं का, सकाळी बोटं आखडतात का. मी सवयीने नाही नाही म्हणत गेले आणि घरी येताना घाटकोपरच्या पुढे कुठेतरी लक्षात आलं की अरे, गेलं वर्षभर मी पाण्याशिवाय वडापाव खाऊच शकलेली नाही, घास फिरतो तोंडात. रात्री बाटली उशाशी लागते. बोटं पण आखडतात, मी ते वय म्हणून सोडून दिलेलं. आणि अजून एक, हसू नका, कांदा चिरताना माझ्या डोळ्यातून पाणी येत नाही. घरात भजीचा बेत असला की पाच-सहा कांदे मलाच देतात आणि मी आपली मिरवत असते.

मॅडमनी एएनए आणि एसएसए अशा अँटीबॉडी शोधायच्या रक्ताच्या टेस्ट लिहून दिल्यात, पुढच्या वेळी डोळ्यात कागदाची पट्टी लावून बघणार आहेत, आणि गरज पडली तर ओठाच्या आतून तुकडा काढू म्हणाल्या, तिथे माझी गाळण उडाली. ऑटोइम्यून (म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटलेली) असेल तर आणि नसेल तर ट्रीटमेंट वेगळी असते का? की शेवटी सगळ्यांना तेच ड्रॉप्स? आणि हे आयुष्यभर?

मुलुंडचा_चष्मिष:

माझी केस ऑटोइम्यून नसलेली, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो. चार वर्षं झाली. मला पण आधी ड्रॉप्सवर ड्रॉप्स दिले, तात्पुरतं बरं वाटायचं, वीस मिनिटांनी परत तेच. शेवटी एका डॉक्टरांनी पापणीची कड दाबून दाखवली. पापणीच्या काठाला बारीक तेलाच्या ग्रंथी असतात ओळीने, त्यांचं तेल अश्रूंवर पातळ साय धरतं म्हणून पाणी उडून जात नाही. ते तेल पातळ, पारदर्शक असायला हवं. माझं टूथपेस्टसारखं निघालं. म्हणजे पाणी तयार होत होतं, टिकत नव्हतं. डॉक्टरांनी पिवळा रंग घालून डोळा न मिचकवता ठेवायला लावला, नॉर्मल माणसाचा थर दहा सेकंद तरी फाटत नाही म्हणे, माझा चारमध्ये फाटला.

खोबरेल तेलाची बाटली थंडीत गोठते आणि उन्हात ठेवली की सुटते, तोच प्रकार आहे हो. म्हणून शेक. मी काय करतो, जुना सुती मोजा, त्यात वाटीभर तांदूळ, गाठ, मायक्रोवेव्हमध्ये पंचवीस सेकंद, आधी मनगटावर लावून बघायचं, आणि मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, त्याने काही होत नाही. शेक झाल्यावर वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, बोटाने हलकं मालिश, आणि कड पुसून घ्यायची. हे रोज. मी तीन महिने केलं, फरक पडला, सोडून दिलं, दीड महिन्यात परत मूळपदावर. तेव्हापासून दात घासण्यासारखं धरलंय. मध्ये एकदा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कमी डोसचा कोर्स पण झाला.

बाकीची लांबण: ऑफिसात एसीचा झोत थेट तोंडावर यायचा, पुठ्ठा चिकटवून वळवला (ॲडमिनने दोनदा काढला, मी तिनदा लावला). घरी पंखा पाचवर आणि मी बरोबर खाली झोपायचो, बायको म्हणाली तुझे डोळे झोपेत अर्धे उघडे असतात, कॉट सरकवली. शिंका येतात म्हणून रोज सेट्रिझिन घ्यायचो, त्याने पण डोळे वाळतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनसमोर आपण मिचकवायचंच विसरतो, मिनिटाला पंधराच्या जागी पाच-सात वेळा, आणि तेही अर्धवट. माशाच्या तेलाच्या गोळ्या मी वर्षभर गिळल्या, मग कळलं की २०१८ मध्ये अमेरिकेत पाचशेवर लोकांवर मोठी ट्रायल झालेली, रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ विरुद्ध ऑलिव्ह ऑइल, वर्षभर, आणि दोघांत फरक नाही. बांगडा मात्र चालू आहे, तो डोळ्यांसाठी नाही.

आता ड्रॉप्स दिवसातून दोनदा, कधी तेही नाही. पण ताई, तुमचं कांद्याचं ऐकून हे माझ्यासारखं वाटत नाहीये. मला कांद्याने धो धो येतं. टेस्ट टाळू नका.

आजीचा_बटवा:

एवढं घाबरायचं काय त्यात, आमच्याकडे डोळे चुरचुरले की गुलाबपाणी आणि रात्री तुपाचं बोट. त्रिफळा रात्री भिजवून सकाळी गाळून त्या पाण्याने डोळे धुवा, महिन्यात फरक. माझ्या सासूबाईंना ८२ व्या वर्षी चष्मा नव्हता.

डावा_सहाबाय_सहा:

बटवाताई, राग मानू नका पण हे थांबवायलाच हवं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दादरला बसतो. सासूबाईंना चष्मा नव्हता ही आनंदाची गोष्ट पण त्यांना ड्राय आय पण नव्हता. कोरड्या डोळ्याच्या बुबुळावर आधीच ओरखडे असतात, त्यात घरी भिजवलेलं पाणी म्हणजे जंतूंना आमंत्रण. शेक द्या, बाहेरून पापणी स्वच्छ ठेवा, पण डोळ्याच्या आत सीलबंद औषधाशिवाय काही नको. मध तर अजिबात नको, मागच्या महिन्यात एक आजोबा घालून आले होते.

आता मूळ प्रश्न. ड्रॉप्सची बाटली सगळ्यांच्या टेबलावर तीच दिसते म्हणून आजार एकच वाटतो. ढोबळ दोन गट धरा, तेल कमी पडून पाणी उडून जाणारे (चष्मिषभाऊ, आमच्याकडे येणारे बहुतेक हेच) आणि मुळात पाणीच कमी बनणारे. दुसऱ्या गटातलं मोठं नाव म्हणजे शोग्रेन, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. पुष्कळांत दोन्ही एकत्र असतं, शोग्रेनवाल्यांच्या पापण्याही बिघडलेल्या असतातच, त्यामुळे शेक त्यांनाही चुकत नाही.

कागदाची पट्टी म्हणजे शर्मर टेस्ट, १९०३ पासून चालत आलीय. टोक दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवतात, पाच मिनिटं बसायचं, किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं. टोचत नाही, फक्त विचित्र वाटतं. भूल न घालता ५ मिमी किंवा कमी आली तर शोग्रेनच्या हिशेबात धरतात. ज्यांच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं ते म्हणतात मला कसला कोरडेपणा, तर तसंही होतं, डोळा कोरडा पडून खुपला की वरून बादली ओतल्यासारखं पाणी येतं आणि ते टिकत नाही.

दोन गोष्टी हात जोडून. बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. ते बाटली खराब होऊ नये म्हणून घालतात, दिवसातून दोन-तीनदा चालून जातं, पण आठ-दहा वेळा वर्षानुवर्षं घातलं तर बुबुळाचा वरचा थर तेच खराब करतं. चारच्या वर जायचं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या, महाग पडतात, माहीत आहे. आणि मेडिकलवाल्याकडून "लाली जायचा ड्रॉप द्या" म्हणून काही आणू नका, कधी त्यात स्टेरॉइड निघतं. स्टेरॉइड डॉक्टर पण देतात, सूज उतरवायला दोन-चार आठवडे, डोळ्याचं प्रेशर तपासत. स्वतःच्या मनाने सहा महिने घातलं की काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही दारात उभे.

खोपोली_स्लो:

अर्धा कप, तुझी पोस्ट वाचून मी नऊ वर्षं मागे गेले. मला शोग्रेन आहे. अगं कांद्याचं माझंही तेच होतं, पण माझी ट्यूब बहिणीच्या पाठवणीत पेटली. सगळ्या बायका रडतायत, मी पण आतून रडतेय, हुंदके येतायत आणि डोळ्यात टिपूस नाही. मावशी म्हणाली दगड आहे ही पोरगी. दोन महिन्यांनी निदान झालं तेव्हा आधी तिला फोन केला.

एएनएचं एवढं मनावर घेऊ नकोस, तो कमी प्रमाणात धडधाकट माणसांचाही पॉझिटिव्ह येतो. एसएसए महत्त्वाचा. पण तो निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असंही नाही, माझा निगेटिव्ह होता, म्हणून ओठाची बायोप्सी करावी लागली. खालच्या ओठाच्या आतून चार-पाच ज्वारीच्या दाण्याएवढ्या लाळेच्या ग्रंथी काढतात, भूल देऊन, वीस मिनिटं. दोन दिवस मऊ भात, आणि ओठ थोडा बधिर राहिला महिनाभर. बायोप्सीपेक्षा त्या आधीची रात्र वाईट होती.

ट्रीटमेंट. साधे ड्रॉप्स सगळ्यांना लागतात, तेवढं सारखं. पण आपल्यात मूळ भानगड सुजेची, म्हणून सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स. आता ऐक, कारण इथेच सगळे सोडतात. घातलं की झोंबतं, चांगलंच झोंबतं, आणि पहिले दोन-तीन महिने उपयोग काही दिसत नाही. मी पहिल्यांदा पाचव्या आठवड्यात बंद केलं आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं चालू आहे म्हणून. त्यांनी बुबुळ रंगवून बघितलं आणि काही न बोलता दुसरी चिठ्ठी लिहिली, फार लाज वाटली. दुसऱ्या खेपेला चार महिने दात ओठ खाऊन घातलं, मग कुठे सकाळी डोळे आपले आपण उघडायला लागले. पूर्ण परिणामाला सहा महिने धर.

मग प्लग. अश्रू नाकात उतरायची बारीक भोकं असतात, प्रत्येक डोळ्याला दोन, त्यात सिलिकॉनचं बूच बसवतात म्हणजे आहे ते पाणी तुंबून राहतं. सूज आटोक्यात आणल्यावरच बसवले माझे, नाहीतर सुजेचंच पाणी डोळ्यात कोंडून राहतं म्हणाले. त्यातलं एक बूच डोळा चोळताना निघून आलं, परत बसवलं.

दोन वर्षांपूर्वी बुबुळ फारच खराब झालं तेव्हा सिरमचे ड्रॉप्स केले. आपलंच रक्त काढतात, गोठल्यावर वरचं पिवळं पाणी वेगळं करून पातळ करतात, २० टक्के, आणि छोट्या बाटल्यांत भरून देतात. ते गोठवलेलंच ठेवावं लागतं. परळहून घरी न्यायचं म्हणजे थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि मांडीवर डबा. खोपोली गाडीत समोरची बाई विचारते पापलेट का हो, मी म्हटलं नाही, डोळे. पुढचं सगळं आयुष्य ते माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी असतं, चालू बाटली खाली फ्रिजमध्ये. त्याने मला खरा आराम पडला, पण ते सगळ्यांना लागत नाही, आणि फारच गेलेल्या केसेसना त्याच्याही पुढे मोठी स्क्लेरल लेन्स असते, बुबुळाला न टेकता पाण्याचं तळं धरून ठेवणारी.

आणि डोळ्यांच्या पलीकडचं, जे नेत्रतज्ज्ञ एकटा बघू शकत नाही. रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि अशा ऑटोइम्यून आजारांचा डॉक्टर) हवाच, परवडत नसेल तर केईएमला ओपीडी आहे, पहाटे जा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बहुतेकांना देतात, सांध्यांना आणि थकव्याला माझा फायदा झाला असं मला वाटतं, पण कोरडेपणा त्याने जाईल ही आशा ठेवू नकोस, २०१४ मध्ये फ्रान्समधल्या १२० पेशंटांवरच्या ट्रायलमध्ये सहा महिन्यांत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा) जास्त काही हाती लागलं नव्हतं. तोंडासाठी पिलोकार्पिन घेतलं, लाळ आली पण घाम असा की एप्रिलमध्ये लोकलमध्ये लोक सरकून बसायला लागले. दम्याचा त्रास असेल तर आधी सांग. दातांचा डॉक्टर दर सहा महिन्यांनी, लाळ नाही म्हणजे दात किडतात, माझ्या चार दाढा गेल्या तेव्हा कोणी दोन गोष्टी जोडल्याच नाहीत. कानाखाली गालफडाला गाठ आली आणि राहिली तर थांबायचं नाही, आपल्यात लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका जास्त असतो. बहुतेकींना होत नाही, पण तपासत राहायचं.

हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते शोग्रेन स्वतः डोळ्यांचे डॉक्टर, स्वीडनचे, १९३३ मध्ये प्रबंध लिहिला. नव्वद वर्षं झाली तरी निम्म्या डॉक्टरांना उच्चार येत नाही, मला रिपोर्टवर सोग्रीन, जोग्रेन सगळं मिळालंय.

आयुष्यभर का विचारलंस तर हो, माझ्यासाठी हो. पण पहिल्या वर्षी दर तासाला ड्रॉप आणि डायरीत नोंद असं होतं, आता सकाळी, जेवताना, गाडीत, झोपताना जाड मलम. मध्ये विसरते सुद्धा.

नुसतीच_वाचक:

खोपोलीताई, मध्येच विचारते, माझा एसएसए पॉझिटिव्ह आहे, डोळ्यांचा त्रास अगदी कमी, वय २८, लग्न ठरलंय. कोणीतरी म्हणालं मूल होऊ नये. खरं का?

खोपोली_स्लो:

अजिबात नाही. पण दिवस राहायच्या आधीच गायनॅक आणि रुमॅटॉलॉजिस्ट दोघांना रिपोर्ट दाखव. एसएसए वारेतून बाळापर्यंत जातो आणि शंभरात एक-दोघांच्या हृदयाच्या ठोक्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून साधारण चौथ्या महिन्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करत राहतात. ज्याने मूल होऊ नये म्हटलं त्याला लग्नाला बोलावू नकोस.

अर्धा_कप_चहा:

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. शर्मर उजवा ३, डावा ४. पट्टी लावल्यावर मॅडम शेजारच्या पेशंटशी बोलत होत्या आणि मी नुसती घड्याळाकडे बघत पाणी यायची वाट बघतेय, परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखं वाटलं. एसएसए जोरदार पॉझिटिव्ह.

पण ओठाची बायोप्सी वाचली! रुमॅटॉलॉजिस्टनी समजावलं की २०१६ च्या निकषांत मार्क असतात, एसएसएला ३, ओठाच्या बायोप्सीला ३, शर्मरला १, असे ४ झाले की पुरे. माझे ४ भरले. आयुष्यात पहिल्यांदा काठावर पास झाल्याचं दुःख झालं आणि सुटकाही वाटली.

सायक्लोस्पोरिन चालू केलंय, आज सहावा दिवस, खोपोली तू झोंबतं म्हणालीस ते फारच सौम्य बोललीस, मिरचीचा हात लागल्यासारखं होतं. सोडणार नाही. चष्मिषभाऊ, मोज्यात तांदूळ भरलेत, सासूबाईंनी इंद्रायणी वापरला म्हणून वेगळं ऐकून घेतलं. आधीचे ड्रॉप्स काढून बघितले, तेच बेन्झाल्को-का-काय, दोन वर्षं दिवसातून सात-आठ वेळा घालत होते.

आता गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० ची रोज एक, वजन ५८ आहे म्हणून. त्याआधी रेटिना तपासून घ्या म्हणालेत, शनिवारी आहे. पण कोरडेपणाची गोळी आणि डोळ्याचा पडदा तपासायचा, हे काय लफडं आहे?

डावा_सहाबाय_सहा:

घाबरू नका. ती गोळी खूप वर्षं, जास्त डोसमध्ये घेतली तर पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रोजचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. तुमचा २९० च्या आत हवा, २०० म्हणजे आरामात बसतो. सुरुवातीला एकदा बघून ठेवतात, मग सगळं ठीक असेल तर पाच वर्षांनंतर दर वर्षी, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि फील्ड (नजरेचा घेर तपासणं). किडनीचा त्रास असेल तर लवकर सुरू करतात. शनिवारचा रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, पाच वर्षांनी कोणीतरी मागेल.

खोपोली_स्लो:

झोंबण्यासाठी: आधी साधा ड्रॉप, फ्रिजमधला गार, पंधरा मिनिटं थांब, मग सायक्लोस्पोरिन. मला तेवढ्याने निम्मं कमी झालं. आणि एखाद्या दिवशी डोळा लालबुंद होऊन ठणकला, उजेड सहन होईना किंवा धूसर झालं तर त्याला औषध झोंबतंय समजून घरी बसू नकोस, त्याच दिवशी दाखव.

अर्धा_कप_चहा:

करते. शनिवारी बाहुली मोठी करायचे थेंब घालणार आहेत, एकटी गेले तर चालेल का? नवऱ्याला सुट्टी नाहीये.

खोपोली_स्लो:

कोणाला तरी ने गं, चार-पाच तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन फार लागतं, दादरचा जिना उतरताना मी एकदा रेलिंग शोधत होते. गॉगल ने. तिकीट आधीच काढून ठेव, मोबाइलवर दिसणार नाही.